उजव्या खांद्यावरचं व्हायोलिन

"मान हलवू नकोस, कान जाईल."

"माझी मान जागच्या जागी आहे. हलतोय तो तुझा हात. मघापासून बघतोय, कात्री नुसती हवा खातेय."

"तू बोलतोस म्हणून. तोंड मिट, म्हणजे हात थांबेल."

"हात थांबेल, पण मन? दुपारी जायचं तिथं ते सकाळीच जाऊन बसलंय. मागे राहिलाय वस्तरा, आणि वस्तऱ्याखाली माझा गळा. नको रे बाबा. केस कापलेस तेवढे पुरे. दाढी तू परत आल्यावर."

खुर्चीतला माणूस शेजारच्या बेकरीचा मालक. दोन दुकानांच्या मधे एकच भिंत, आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना एकाच शाळेच्या एकाच बाकावरून उठून आलेले हे दोन गडी. बेकरीवाला अंगानं त्याच्या पावासारखा फुगलेला, बोलणं मात्र करपलेलं. सलूनवाल्याला सगळी गल्ली हल्ली 'उस्ताद' म्हणते, ते नाव ठेवलं ह्यानंच. भिंतीपलीकडून व्हायोलिनचा पहिला आवाज आला त्या दिवशी तो पिठाचे हात तसेच घेऊन सलूनच्या दारात उभा राहिला होता आणि म्हणाला होता, "उस्ताद, कुणाला मारताय?"

नाव चिकटलं ते चिकटलं. पोरंबाळंही उस्ताद म्हणायला लागली. उस्तादनं कधी वाईट वाटून घेतलं नाही. त्याचं म्हणणं, आज थट्टेनं म्हणतात, उद्या तोंडाला सवय लागेल.

आणि तो उद्या आज उगवला होता. लाकडाच्या वखारीच्या माडीवर गावातली हौशी मंडळी जमून वाद्यं वाजवतात. कुणी पोस्टात, कुणी बँकेत, कुणी शाळेत. पोटासाठी वाजवणारा त्यांत एक नाही. मंडळींची मुख्य म्हणजे दातांची डॉक्टरीण. तिच्या नवऱ्याचे केस उस्तादच कापतो. व्हायोलिनवाल्यांतली एक बाई मुलीकडे राहायला गेली आणि तिची खुर्ची रिकामी झाली, ही बातमी त्या नवऱ्यानं मानेवर ब्रश फिरत असताना सांगितली. उस्तादचा ब्रश तिथंच थांबला. मग निरोप गेला, निरोप आला: या एकदा दुपारी, बघू. जमलं तर खुर्ची तुमची. नाही जमलं तर ती बासरीवाल्यांना देऊन टाकू, ते कधीचे मागतायत.

म्हणजे खुर्ची एक, संधी एक. हात नाचणारच.

"बरं, एवढं तर सांग," बेकरीवाला मानेवरचे केस झटकत म्हणाला, "हे वाद्य धरायचं तरी कसं? मी पण रोज बघतो की तुझ्या आरशात ती टीव्हीवरची बाई. हे असं ना?"

त्यानं फळीवरचा लांब कंगवा उचलला, डावा हात पुढे करून डाव्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि उजव्या हातानं त्या हातावर कंगवा फिरवला. उस्ताद हसला. शाळेतल्या मास्तरांनी ढ पोराकडे बघून हसावं तसा.

"हेच, हेच. इथंच सगळे फसतात. अरे शहाण्या, तू आरशात बघतोस ना? आरशात जे डावीकडे दिसतं ते खरं उजवीकडे असतं. दुसरा खांदा. आयुष्य गेलं आरशासमोर, मला शिकवतोस?"

"मला काय कळतंय. मी आपलं दिसलं तसं केलं."

"दिसतं तसं करायचं नसतं. उलटवून करायचं."

हे आरशाचं प्रकरण नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच आहे. सलून लांबट, बोळकांडीसारखं. समोरची अख्खी भिंत आरशानं भरलेली. तो आरसा बापाच्या वेळचा, कडेला थोडा काळवंडलेला पण चेहरा लख्ख दाखवणारा. दाढी करून घेताना माणसानं मान वळवून टीव्ही बघितला तर रक्तच निघायचं. म्हणून टीव्ही मागच्या भिंतीला टांगलेला. गिऱ्हाइकानं सरळ समोर बघायचं, आरशात मागचा टीव्ही दिसतो. फुटबॉलच्या सामन्यात डाव्या पायाचा खेळाडू उजव्या पायाचा होतो, आकडे उलटे दिसतात, पण गोल तो गोलच, त्याला कुणाची हरकत नसते. टीव्हीच्या बाजूला घड्याळ. नवीन गिऱ्हाईक आरशात बघून दचकतं, अरे, पावणेतीन झाले? उस्ताद मागे न वळता सांगतो, सव्वानऊ. उलट्या पाट्या, उलट्या बातम्या, उलटे आकडे तो असे वाचतो जसे आपण सरळ वाचतो. आरसा आपल्याला फसवू शकत नाही, हा त्याचा धंद्यातला अभिमान. आणि अभिमान असावाच माणसाला, फक्त तो कुठं नडेल ते सांगता येत नाही.

वाजवायचा नाद मात्र जुना. लहानपणी तो बापाच्या दुकानात कंगव्याला पातळ कागद लावून ओठावर धरायचा आणि फुंकायचा. कागद थरथरायचा, ओठांना गुदगुल्या व्हायच्या आणि मोठी माणसं गात असलेलं कुठलंही गाणं निघायचं. बाप एकदा मागून आला आणि त्यानं टाळूवर टपली मारली. "कंगवा केसांसाठी असतो. तोंडात घालतोस, मग तो गिऱ्हाइकाच्या डोक्यात घालतोस. अक्कल आहे का?" पोरानं कंगवा धुतला, नाद काही धुतला गेला नाही. मग बाप गेला, दुकान अंगावर आलं, लग्न झालं, पोरी झाल्या, पोरी मोठ्या होऊन आपापल्या घरी गेल्या. नाद तेवढ्या वेळात कोपऱ्यात निमूट बसून होता. माणसाचे काही नाद मांजरासारखे असतात, हाकललं की जात नाहीत, लक्ष नसलं की मांडीवर येऊन बसतात.

एक दिवस जुन्या सामानाच्या दुकानात कुलपाची किल्ली करून घ्यायला गेला आणि पंख्याच्या पात्यांमागे त्याला ते दिसलं. व्हायोलिन. तारा नाहीत, खुंट्या ढिल्या, अंगावर धुळीचा थर, पण पोट कुठं फाटलेलं नाही. गजाचे केस मात्र अर्धे झडलेले. केसांचा कारागीर तो, झडलेले केस बघून त्याला कीव आली म्हणा किंवा काय म्हणा. किल्ली विसरून तो ते घेऊन आला.

आणि योग असा की त्याच सुमाराला टीव्हीवर दुपारच्या वेळी एक बाई व्हायोलिन शिकवायला लागली. दुपारची वेळ म्हणजे सलून ओसाड. उस्ताद स्वतःच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसायचा, समोर आरसा, आरशात बाई. आरशात बाईंचं व्हायोलिन डावीकडे दिसलं. गड्यानं हिशेबानं उलटवलं आणि उजव्या खांद्यावर ठेवलं. गज गेला डाव्या हातात. तारा नवीन आणल्या, त्याही त्याच नियमानं चढवल्या, जाडी तिकडे आणि बारीक इकडे. तारांखालची ती लाकडी घोडी एका बाजूला थोडी उंच असते, तीही फिरवली. हनुवटी टेकवायची वाटी भलत्याच बाजूला स्क्रूनं बसवलेली निघाली. उस्ताद स्वतःशीच म्हणाला, आधीच्या मालकाला काडीची अक्कल नव्हती. आणि ती काढून त्यानं 'बरोबर' बाजूला बसवली.

आवाज काही आरशात उलटा होत नाही. बाई जो सूर काढायच्या तो कानाला सरळच ऐकू यायचा. कान तयार होता, कंगव्यावर तयार झालेला. त्यामुळे खुंटी पिळून सूर जुळवला की बाकी गणित आपोआप सुटायचं. त्यात तारांवर बोटं फिरवायची ती उजव्या हाताची. कात्री, कंगवा, वस्तरा ह्यांवर मुरलेली बोटं. ती तारांवर अशी बसायची जशी जुनी गिऱ्हाइकं बाकावर बसतात, न सांगता, आपापल्या जागी.

घरचा सराव पहाटे, अंगणाच्या दाराआड. बायको शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, तीही पहाटे उठणारी. तिला आधी काही सांगितलं नव्हतं. ती बरेच दिवस घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालत होती. कपाट झालं, न्हाणीचं दार झालं, शेवटी अंगणाच्या दाराला तेल घालायला आली आणि दाराआड नवरा सापडला.

"अहो, हे तुम्ही होतात होय."

"कसं वाटतं?"

"तेल वाया गेलं."

पण तीच बाई पुढे भाजी चिरता चिरता ती चाल गुणगुणायला लागली. धड्याच्या शेवटी टीव्हीवरच्या बाई एक नाचाची चाल वाजवायच्या, पायांना ठेका धरायला लावणारी. शिकणारा जो तो पहिल्यांदा तीच शिकतो. ही चाल पहिल्यांदा सगळीच्या सगळी, मधे न अडखळता निघाली त्या दिवशी दुपारी सलूनमध्ये नेमका एक म्हातारा तोंडाला फेस लावून बसला होता. त्याला तसाच सोडून उस्ताद बेकरीत धावला. "आली, आली, पुरी आली." बेकरीवाल्याला वाटलं घरात कुणी बाळंत झालं. त्यानं खुशीनं एक बिस्किटांचा डबा काढला. डब्यावर छापलेलं चित्र होतं, झाडाखाली व्हायोलिन वाजवणारा माणूस. उस्तादनं चित्र बघितलं, च् च् केलं आणि म्हणाला, "हा बिचारा डावखुरा दिसतोय."

बघा, देव एवढ्या खुणा दाखवतो. पण माणूस शहाणा असला की त्याला त्या दिसत नाहीत.

तर त्या दुपारी उस्तादनं दुकानाचं दार ओढलं, बेकरीवाल्याला लक्ष ठेवायला सांगितलं आणि निघाला. बायकोनं सकाळी इस्त्री केलेला सदरा घातलेला. घरून निघताना ती म्हणाली होती, "मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर घरी येऊन रडगाणं नको, आधीच एक वाजतंय." पण सदऱ्याची कॉलर तिनं दोनदा नीट केली होती. व्हायोलिन सलूनच्या स्वच्छ पांढऱ्या चादरीत गुंडाळलेलं, काखेत. रस्त्यानं चालताना चाल त्याच्या पायात आली होती. चपला ठेक्यात पडत होत्या. समोरून येणारे दोघेतिघे ओळखीचे हसले, त्यानं डोकी ओळखली, चेहरे नाही.

वखारीच्या माडीवर ओल्या लाकडाचा वास. जिना करकरणारा. वर लांब खोली, मोठ्या खिडक्या, आणि खिडकीपासून सुरू होणारी व्हायोलिनवाल्यांची रांग. खिडकीला लागून पहिल्या खुर्चीवर पोस्टमन, किडकिडीत, जाड भिंगाचा चष्मा, मानेला मफलर. त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी. हीच ती. त्यापुढे बाकीचे. समोर दातवाल्या डॉक्टरीणबाई, बुटक्या, चटपटीत, आणि बोलणाऱ्याच्या डोळ्यांत न बघता तोंडात बघणाऱ्या.

"या, या. आमच्या ह्यांचे केस छान कापता. काढा बाहेर."

उस्तादनं चादर सोडली, व्हायोलिन खांद्यावर ठेवलं, गज उचलला आणि रांगेकडे बघितलं. सगळी रांग सूर जुळवत होती. सगळ्यांचं व्हायोलिन डाव्या खांद्यावर. सगळ्यांचा गज उजव्या हातात. एकजात.

"वा," तो कौतुकानं म्हणाला, "इथं सगळेच डावखुरे आहेत वाटतं."

एकेकाचा गज थांबला. पोस्टमननं चष्मा नाकावर वर ढकलला.

"कुणीच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही आहात का?"

"मी? छे. मी वस्तरा उजव्या हातानं धरतो."

"मग गज डाव्या हातात का?"

"टीव्हीवरच्या बाई धरतात तसाच धरलाय."

"कुठल्या बाई?"

मग उस्तादनं सांगितलं. मागच्या भिंतीवरचा टीव्ही, समोरचा आरसा, आणि आरशात दिसतं ते उलटवून घ्यायचं हा आपला नियम. सांगता सांगता त्याचा आवाज हळू होत गेला, कारण समोर डॉक्टरीणबाईंचे हात हवेत फिरायला लागले होते. ही बाई रोज लोकांच्या तोंडात इवलासा आरसा घालून काम करणारी. तिनं हवेतच एकदा इकडून धरलं, एकदा तिकडून धरलं, आणि एकदम टाळी वाजवली.

"तुमचा नियम बरोबर आहे हो. आरशानं उलटं केलं, ते तुम्ही सुलट केलंत. पण बाई तुमच्याकडे तोंड करून बसलेल्या, त्यांचा डावा खांदा तुमच्या उजव्या हाताला. ते दुसरं उलटं राहूनच गेलं. दोनदा उलटं होऊन आरशात सगळं सुलटच आलेलं होतं. काही डोकं न लावता नुसती नक्कल केली असतीत ना, तरी बरोबर आलं असतं."

उस्तादच्या डोळ्यासमोर पहिल्यांदा कोण आलं असेल तर बेकरीवाला. डाव्या खांद्यावर हनुवटी, उजव्या हातात कंगवा. मी आपलं दिसलं तसं केलं. अरे देवा.

रांगेत कुणीतरी फुसकन हसलं आणि मग सगळीच माडी हसली. दुष्टपणानं नाही, पण पोट धरून. डॉक्टरीणबाईसुद्धा डोळे पुसत म्हणाल्या, "हसू नका रे. शिकत असताना मी आरशात बघून भलत्याच दाताला हात घातला होता. वेळेवर थांबले म्हणून. वाजवा हो तुम्ही, आवाज तर ऐकू."

उस्ताद तिथून पळून गेला असता, पण हाताला दुसरं काही येत नव्हतं म्हणून तो वाजवायला लागला. ती नाचाची चाल. आणि आता बघा गंमत. सकाळपासून नाचणारा हात तारांवर येताच शांत झाला. सूर असे सुटले जसे धार लावलेल्या वस्तऱ्यानं फेस सुटतो, एका ओढीत, साफ. हसणारे कान देऊन ऐकायला लागले. कुणाचा तरी पाय फळीवर आपटायला लागला.

"अहो, हे तर येतंय की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बसा खुर्चीवर. सगळ्यांबरोबर एकदा."

उस्ताद बसला, रिकाम्या खुर्चीत. इथून तिथपर्यंत रांग, आणि त्या रांगेत आपण. त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. बाईंनी हात वर केला, हात खाली आला, आणि पहिल्याच ओळीत घोटाळा. पोस्टमनचा गज उजवीकडे आला, उस्तादचा डावीकडे गेला, आणि दोघे तलवारीसारखे भिडले. उस्ताद सावरला, पुन्हा घुसला. ह्या वेळी त्याच्या गजानं पोस्टमनचा चष्मा उचलला आणि थेट खिडकीच्या चौकटीत नेऊन ठेवला.

"थांबा," बाईंनी हात वर केला.

पोस्टमन चाचपडत चष्म्याकडे गेला. "मी पत्रं वाटताना कुत्र्यांपासून वाचलो," तो म्हणाला, "आणि इथं हे."

"असं नाही जमायचं," डॉक्टरीणबाईंचा आवाज मऊ होता, म्हणजे बातमी वाईट. "वाजवता छान, पण रांगेत हे चालणार नाही. असं करा, सरळ हातानं शिकून या. पुढच्या वर्षी बघू."

उस्तादनं तिथल्या तिथं व्हायोलिन डाव्या खांद्यावर घेतलं, गज उजव्या हातात घेतला आणि ओढला. आवाज निघाला तो अंगणाच्या दाराचा. तेल घालण्याआधीचा. त्यानं पुन्हा ओढला. तारांवर डाव्या हाताची बोटं अशी पडली जशी अंधारात पायरी चुकावी. ती बोटं आजवर फक्त गिऱ्हाइकाचा कान दुमडून धरायला शिकलेली. दीड वर्षाची पहाट एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जात नाही, हे त्याला कळलं, आणि ते सगळ्या खोलीलाही कळलं. बासरीवाल्यांतला एक जण रिकाम्या खुर्चीकडे बघायला लागला.

उस्तादनं चादर उचलली. व्हायोलिन तिच्यात ठेवलं, एक टोक दुमडलं.

"ओ, थांबा जरा," पोस्टमन चष्मा पुसत म्हणाला. "त्यांचा गज जातो डावीकडे, बरोबर? माझ्या डावीकडे काय आहे? खिडकी. मग त्यांना बसवा ना माझ्या खुर्चीत. जाऊ दे गज खिडकीतून बाहेर. मी सरकतो इकडे."

"तुमची जागा सोडणार तुम्ही?" डॉक्टरीणबाईंना खरं वाटेना.

"उपकार नाही करत. त्या खिडकीचा वारा मानेत जातो माझ्या, किती वेळा सांगितलं तुम्हाला. हा मफलर काय हौस म्हणून बांधतो? बरं झालं, असा एक उलटा माणूस आला ते."

बाईंनी कपाळ खाजवलं. "पण टोकाची खुर्ची. कार्यक्रमात ती सगळ्यांना आधी दिसते. सगळे गज एकीकडे आणि तुमचा दुसरीकडे. लोक हसतील हो तुम्हाला."

ह्यावर मात्र उस्ताद हसला. "बाई, माझ्या दुकानात लोक अर्धी दाढी ठेवून, तोंडाला फेस फासून रस्त्याकडे बघत बसतात. कुणाला लाज वाटत नाही. काम पुरं झाल्यावर उठायचं, एवढंच असतं. हसू देत."

"मग ऐका. चाल संपेपर्यंत थांबायचं नाही. काही झालं तरी."

खुर्च्या बदलल्या. उस्ताद खिडकीशी, पोस्टमन त्याच्या उजव्या हाताला. एकाचं व्हायोलिन उजव्या खांद्यावर, दुसऱ्याचं डाव्या, त्यामुळे दोन्ही व्हायोलिनांची डोकी समोर एकमेकांकडे वळली, शिंगं लावायच्या बेतात असलेल्या दोन खोंडांसारखी. पोस्टमननं खुर्ची जराशी मागे घेतली. बाईंचा हात खाली आला.

आणि काय सांगायचं. एकट्यानं वाजवणं म्हणजे विहिरीत पोहणं. हे म्हणजे नदीत उडी. चारी बाजूंनी तीच चाल, तीच, जी त्यानं दाराआड, आरशासमोर, पावाच्या वासात एकट्यानं खरवडली होती, ती आता एवढी रुंद होऊन वाहत होती की आपला सूर कुठला आणि दुसऱ्याचा कुठला ते कळेना. खालून कुणाचं तरी जाड व्हायोलिन छातीच्या बरगड्यांना हलवत होतं. बासरीवाले, मघाशी त्याच्या खुर्चीवर डोळा ठेवून असलेले, वरून गिरक्या घेत होते. सगळे गज एकीकडे जायचे आणि उस्तादचा दुसरीकडे, सगळे परत यायचे आणि तोही परत यायचा. लांब सुराच्या वेळी त्याच्या गजाचं टोक खरोखरच खिडकीबाहेर जायचं. खाली वखारीतल्या माणसांनी करवत थांबवून वर बघितलं. त्यांना दिसत होती फक्त एक काडी, खिडकीतून आत-बाहेर करणारी, ठेक्यात. त्यांच्यातला एक जण तिच्याकडे बघून मान हलवायला लागला. एकदा बोट चुकलं. उस्ताद थांबला नाही. पोस्टमन चुकला, तोही थांबला नाही. चाल शेवटच्या वळणाला आली, वेग वाढला, उस्तादच्या कपाळावरून घाम टपकला तो पुसायला हात नव्हता, आणि सगळे एका जागी, एका क्षणी, धाडकन थांबले.

तेव्हा कुठं उस्तादच्या लक्षात आलं की आपण तोंड उघडं टाकून बसलोय.

"खालची एक दाढ किडलीय तुमची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दवाखान्यात येऊन जा. आणि गुरुवारी इथं."

"म्हणजे खुर्ची..."

"खुर्ची तुमचीच. बासरीवाल्यांनो, तिकडे बघू नका आता. पण कागदावरचे सूर वाचायला शिकावे लागतील, नुसत्या कानावर भागणार नाही."

"शिकेन की. फक्त सरळ बाजूनं शिकवा."

खाली उतरताना तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरला. एवढ्या वयात. रस्त्यानं तो चालत होता की धावत होता ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

दुकानाच्या पायरीवर बेकरीवाला बसलेला, दाढीचे खुंट तसेच. आत बाकावर बायको, शाळेतून परस्पर आलेली, चपला काढून पाय वर घेतलेले. ती काही विचारायला आली नव्हती. वाटेत दुकान लागतं म्हणून टेकली होती, असं तिनं आधीच सांगून टाकलं. दुकान तिच्या वाटेत लागत नाही.

"तोंड बघ कसं झालंय," बेकरीवाला म्हणाला. "मिळाली ना?"

"मिळाली. खिडकीची."

बायकोनं पाय खाली सोडले, चपला घातल्या, पुन्हा काढल्या. "खिडकीची का? वाऱ्यानं सर्दी होईल. मफलर लागेल," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून उगाच टॉवेल घडी करायला लागली. घडी होईना तिच्यानं.

"बस," उस्ताद बेकरीवाल्याला म्हणाला. "दाढी राहिलीय."

बेकरीवाला खुर्चीत बसला. गळ्याभोवती चादर आली, तीच, व्हायोलिन गुंडाळलेली. गजाला चोळायच्या राळेचा वास तिला अजून होता. उस्तादनं गरम पाणी घेतलं, फेस केला, गालावर ब्रश गोल फिरवला. वस्तरा पट्ट्यावर घासला. हात दगडासारखा स्थिर. बेकरीवाल्यानं आरशातून ते बघितलं आणि निवांत डोळे मिटले.

"तुला एक सांगायचंय," उस्ताद म्हणाला आणि वस्तरा हनुवटीखाली, बरोबर गळ्याच्या उंचवट्यावर टेकवला. "सकाळी तू कंगवा धरलास ना. तो खांदा बरोबर होता. माझा उलटा निघाला."

बेकरीवाल्याचे डोळे खाडकन उघडले. पोट चादरीखाली हलायला लागलं.

"हसू नकोस," उस्ताद म्हणाला. "वस्तरा आहे."

बेकरीवाला ओठ आवळून, डोळ्यांत पाणी आणून, लाल होत बसला. मागे बायको हसायला मोकळी होती, ती हसत होती. दारात नवं गिऱ्हाईक उभं राहिलं, आरशातल्या घड्याळाकडे बघून त्याचा चेहरा गोंधळला.

"साडेचार झालेत, बसा," उस्ताद मागे न वळता म्हणाला, आणि वस्तऱ्याची पहिली ओढ त्यानं गळ्याकडून हनुवटीकडे, सावकाश, वर नेली.